मास नदीच्या पाण्यात धरलेला आणि सोडलेला मासा

माझं माहेर भिगवणच्या अलीकडं, उजनीच्या पाण्याच्या कडंला. आमी भोई. धरण झालं तेव्हा माझा जन्म व्हायचा होता, पण आबांनी, म्हंजे माझ्या वडिलांनी, इतक्या वेळा सांगितलंय की मी बघितल्यासारखंच वाटतं. आमचं जुनं गाव पाण्याखाली गेलं, देऊळ गेलं, चिंचा गेल्या, आन् आबा म्हणायचे की आपल्याला त्यातल्या त्यात बरं, शेतकऱ्याची जमीन गेली पण आपलं पाणी तर वाढलं की. पण तसं नव्हतं ते. नदीतला भोई वेगळा आन् धरणातला वेगळा. नदी वाहती, तिला तिची वळणं असतात, कुठं डोह, कुठं खडक, आबांना सगळं पाठ होतं. धरणाचं पाणी नुसतं पसरलेलं. त्यांना सगळं नव्यानं शिकावं लागलं. गुळाची जुनी काहील असते ना मोठी, तिच्यात बसून जाळं टाकायला जायचे ते, गोल गोल फिरायची ती काहील, मी लहानपणी त्यात बसायचे आन् आई काठावरनं ओरडायची. चिलापी मिळायची, रोहू, कटला, कधी वाम. मी जाळं विणायला सहा-सात वर्षांची असताना शिकले. तंगुसाची, म्हंजे नायलॉनच्या दोऱ्याची, गाठ कशी मारायची, ओली करून कशी आवळायची, हे मला पाढ्यांच्या आधी आलं.

बारावी झाले आन् लग्न ठरलं. आमचे हे, संदीप त्यांचं नाव, इथं सगळ्या बायका नवऱ्याला नावानं हाक मारतात पण मला अजून जमत नाही, मी आपली आमचे हेच म्हणते. ते पण भोयाचेच, करमाळ्याच्या बाजूचे. त्यांच्या घरात त्यांच्या आधी कुणी दहावीच्या पुढं गेलं नव्हतं. सासरे मासे धरायचे, हे पहाटे त्यांच्याबरोबर पाण्यात जायचे आन् तिथनंच शाळेत. दप्तराला वास यायचा म्हणून पोरं शेजारी बसायची नाहीत. हे मला त्यांनी एकदाच सांगितलं, लग्नानंतर, परत कधी नाही. मंग इंजिनिअर झाले, पुण्यात नोकरी लागली आन् दोन हजार अकरा साली कंपनीनं इकडं, डच लोकांच्या देशात, पाठवलं. आमी बेस्टला आलो. गावाचं नावच बेस्ट. आबांना सांगितलं तर म्हणाले, मंग काय काळजीच नाही.

काय सांगू तुम्हाला, पहिलं दीड वर्ष कसं काढलं ते. हे सकाळी सायकलवर जायचे, संध्याकाळी यायचे. मला इंग्रजी वाचता यायचं पण बोलताना जीभ उचलायची नाही, डच तर काहीच कळत नव्हतं. आपली मराठी मंडळी होती, चांगली होती, पण सगळ्या पुण्या-मुंबईच्या, शिकलेल्या, कुणी बँकेत होती, कुणी कॉलेजात शिकवत होती. तुमचे वडील काय करतात, असं विचारलं की आमचे हे मधेच म्हणायचे, शेती आहे त्यांची. मी गप्प बसायचे. घरी येऊन म्हणायचे, आपली कुठंय शेती. ते म्हणायचे, सुरेखा, प्रत्येक गोष्ट सांगायलाच पाहिजे असं नाही. मला ते पटत नव्हतं, पण त्यांच्या दप्तराची गोष्ट आठवायची आन् मी पुढं बोलायचे नाही.

मंग मुलगी झाली, ईरा. तिला बाबागाडीत घालून मी रोज कालव्यावर जायला लागले. बेस्टच्या कडेनं मोठा कालवा जातो, मालाच्या बोटी जातात त्यातनं. माझी आपली सवय, पाणी दिसलं की चालायचं थांबायचं. तिथं एक म्हातारे गृहस्थ घडीच्या खुर्चीवर गळ टाकून बसायचे. हेंक त्यांचं नाव. त्या दिवशी ते गळाचा आकडा आभाळाकडं धरून तंगूस ओवत होते, आन् ते काही ओवलं जात नव्हतं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. हात स्थिर होते, पण नजर आकड्यावर नव्हतीच, बाजूलाच कुठंतरी होती. माझ्या लक्षात आलं की ह्यांना दिसत नाही नीट. मी काही बोलले नाही, म्हंजे बोलता येत नव्हतंच, गाडीला ब्रेक लावला, जाऊन त्यांच्या हातनं आकडा घेतला, ओवला, आबांची गाठ मारली, थुंकी लावून आवळली, दातानं शेपूट तोडलं आन् परत दिला. त्यांनी ती गाठ बोटांनी चाचपली. ओढून बघितली. परत ओढली. मंग इंग्रजीत विचारलं, ही तुला कुणी शिकवली. आन् मी म्हणाले, माय फादर इज अ फिशरमन.

ते वाक्य ह्या देशात मी पहिल्यांदा बोलले. मोठ्यानं. मला हलकं वाटलं एकदम.

मी त्यांना काका म्हणायला गेले तर ते इतके हसले की त्यांना खोकला आला. नंतर कळलं की तो शब्द त्यांच्या भाषेत लहान पोरांच्या शी-शूला म्हणतात. मंग मी आजोबा म्हणायला लागले. त्यांचं वय चौऱ्याहत्तर, बायको वारलेली, मूलबाळ नाही. डोळ्यांचा आजार होता, मधलं दिसणं जात चाललेलं आन् कडेकडेचं तेवढं राहिलेलं, म्हणून ते माझ्याकडं बघायचे तेव्हा माझ्या कानाकडं बघितल्यासारखं वाटायचं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे वाढत जाणार. त्यांनी मला खेमेन्तेत, म्हंजे इथल्या नगरपालिकेत, कुठला कागद कुठं द्यायचा ते सांगितलं, मासे धरायचा पास काढून दिला, काठीनं आन् रिळानं गळ टाकायला शिकवला. जाळंवाल्याच्या पोरीला गळाचं काय अप्रूप, असं मला वाटायचं. पण गळ वेगळाच. जाळ्यात तुम्ही मासा बघता तो पाण्याबाहेर आल्यावर. गळाला तो पाण्यात असतानाच तुमच्या हाताशी बोलतो.

तीस वर्षं ते कॅनडात सुतारकाम करत होते, एका अफाट तळ्याच्या काठी. तळं म्हंजे पलीकडचा काठ दिसायचा नाही असं. तिथं एक मासा असतो, त्याचं नाव स्टीलहेड, पोलादी डोक्याचा. ट्राउट म्हणून थंड पाण्यातला मासा असतो त्याचीच जात, पण ओढ्यात जन्मतो, पोरसवदा झाला की समुद्रात जातो, दोन-तीन वर्षांनी हातभर होऊन त्याच ओढ्यात अंडी घालायला येतो. आन् आजोबांच्या तिथं तर समुद्र पण नव्हता. कुणीतरी फार पूर्वी पश्चिमेच्या किनाऱ्यावरनं ही जात आणून तळ्यात सोडली, तर त्या माशांनी तळ्यालाच समुद्र मानलं. तळ्यात मोठे व्हायचे आन् थंडीच्या शेवटाला आपापल्या ओढ्याच्या तोंडाशी यायचे. आजोबा छातीपर्यंत रबराची विजार घालून बर्फाच्या पाण्यात उभे राहायचे, काठीच्या कड्यांत बर्फ धरायचं, ते तोंडानं फुंकून वितळवायचं. ओढा कुठं कुठं इतका उथळ की माशाची पाठ पाण्याबाहेर दिसायची. मी विचारलं, त्याला आपलाच ओढा कसा कळतो. ते म्हणाले, वासानं. मी म्हणाले, इतक्या वर्षांनी. ते म्हणाले, हो. मला खरंच काटा आला अंगावर. मी ईराला दूध पाजत बसले होते तिथं बाकावर.

ते म्हणायचे, इथं स्टीलहेड नाही, पण त्याचा भाऊबंद आहे, समुद्रातला ट्राउट, झेफोरेल म्हणतात, तो मास नदीनं वर येतो. पूर्वी भरपूर यायचा, मंग नदीवर बंधारे झाले, पाणी घाण झालं, येईनासा झाला. आता परत थोडे थोडे येतात, कारण बंधाऱ्याच्या कडेनं माशांसाठी पायऱ्या केल्यात. त्या माशाला धरून ठेवायची सक्त मनाई, चुकून लागला तर तिथल्या तिथं सोडायचा. ते म्हणायचे, मला तो नकोच आहे, मला फक्त डोळे आहेत तोवर एकदा तो इथल्या पाण्यात बघायचाय.

पुढच्या वर्षी गणपतीत आमच्या मराठी मंडळात कुणीतरी ह्यांना सहज विचारलं, काय हो, तुमच्या मिसेस कालव्यावर कुणा म्हाताऱ्याबरोबर मासे धरतात म्हणे. ते हसण्यावारी नेलं ह्यांनी तिथं, पण घरी येऊन दार लावलं. मंग म्हणाले, मी त्या चिखलातनं वर यायला काय काय केलंय ते तुला माहितीय, आन् तू आपण होऊन परत काठावर जाऊन बसतीस. मी म्हणाले, मला तिथं बरं वाटतं. ते म्हणाले, मला नाही बरं वाटत. मी म्हणाले, माझ्या बापानं त्याच पाण्यावर मला वाढवलं, त्याची मला लाज नाही. ते म्हणाले, लाजेचा प्रश्न नाही. पण लाजेचाच होता, आन् ते त्यांनाही कळत होतं, म्हणून ते बाहेर जाऊन उभे राहिले. चार-पाच दिवस आमी जेवायला घ्या, मीठ द्या, एवढंच बोललो.

त्यातच आजोबांचं गाडी चालवायचं लायसन्स गेलं, डोळ्यांमुळं. आन् एका शनिवारी सकाळी ते काठी टेकत आमच्या दारात. माझ्याशी नाही, सरळ ह्यांच्याशी बोलले. म्हणाले, डॉक्टर म्हणतात पुढच्या वर्षी मला माणूस आन् झाड वेगळं ओळखता येणार नाही, मास नदी इथनं पाऊण तासावर आहे, सायकलनं मला आता जमत नाही, तू मला आन् सुरेखाला दोन-तीन रविवार घेऊन जाशील का. ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी काही शिकवलं नव्हतं आजोबांना, शप्पथ. दारात आलेल्या म्हाताऱ्या माणसाला नाही म्हणायचं आपल्याकडं कुणाला जमतं. हे म्हणाले, ओके.

ईराला शेजारच्या तमिळ बाईंकडं ठेवून आमी निघायचो. ऑक्टोबर महिना, वारा असा की कान दुखायचे. बंधाऱ्याच्या जवळ मासे धरायला बंदी, म्हणून बरंच खाली जाऊन उभे राहायचो. गळ तिथल्या दुसऱ्याच एका शिकारी माशासाठी, त्याला परवानगी असते. हे आपले गाडीत लॅपटॉप घेऊन बसायचे, काच वर करून. पहिला रविवार काही नाही. दुसरा रविवार काही नाही. तिसऱ्याला दुपारी आजोबा म्हणाले, माझे खांदे भरलेत, तू टाक. मी टाकला, चकाकती पत्री असते आकड्याला, ती पाण्यात फिरते, ओढत आणत होते, आन् मधेच थांबली. मला वाटलं दगडाला अडकली. आन् मंग तो दगड चालायला लागला.

मी ओरडले असेन, कारण आजोबा उठून उभे राहिले. रिळातनं तंगूस असा सुटला की त्याचा आवाज यायला लागला, किर्रर्र असा, थांबेचना. आन् मंग पाण्याच्या मधोमध, लांब, तो वर आला. पूर्ण बाहेर. मी इतके मासे बघितलेत आयुष्यात, टोपल्या टोपल्या, पण असा मासा मी बघितला नव्हता. पांढरा. नाही, पांढरा नाही, नव्या भांड्यासारखा. हवेत वळला, पडला, पाणी फुटलं, परत वर आला. मी आजोबांच्या हातात काठी दिली. ते नाही नाही म्हणत होते, मी म्हणाले, धरा, हा तुमचाय. आन् मी हे सगळं मराठीत बोलत होते हे मला नंतर कळलं.

त्यांना तो दिसत नव्हता. वर बघून, आभाळाकडं तोंड करून ते रिळाचा आवाज ऐकत होते आन् मी सांगत होते, डावीकडं गेला, खाली चाललाय, आता वर येतोय, उडाला बघा, उडाला. ते डचमधून काहीतरी म्हणत होते, मला एरवी त्यातलं निम्मं कळत नाही, त्या वेळी सगळं कळत होतं. ढिला सोड, म्हणत होते, स्वतःलाच. किती वेळ गेला देव जाणे. मंग तो कडेला आला, मी बुटांसकट गुडघाभर पाण्यात उतरले, झोळीचं जाळं त्याच्याखाली घातलं. हाताच्या कोपरापासून बोटांपर्यंत भरेल आन् वर वीतभर उरेल, एवढा. आकडा ओठालाच होता, निघाला लगेच. आजोबा काठावर गुडघ्यावर बसले, हात पाण्यात घालून त्यांनी त्याच्या शेपटीच्या मुळाशी धरून बघितलं. सॅमन, म्हंजे त्याच्यासारखाच दिसणारा दुसरा मासा, असेल तर तिथं मूठ बसते, ट्राउट असेल तर निसटते. मूठ निसटली. परत धरली, परत निसटली. पोटाजवळ बोट फिरवलं तर दोन बारीक उवा लागल्या, समुद्रातल्या, गोड्या पाण्यात त्या फार दिवस टिकत नाहीत. म्हंजे हा थोड्याच दिवसांपूर्वी समुद्रात होता. आजोबांनी टोपी काढली डोक्यावरची. मान वाकडी करून, डोळ्याच्या कडेनं, ते त्याच्याकडं बघत राहिले. मला आमच्या बुडालेल्या देवळातला गाभारा आठवला, जो मी कधी बघितलाच नाही.

आन् मंग तो मासा कलंडला. मी जाळं काढलं, तो पुढं गेलाच नाही, कुशीवर झाला, पांढरं पोट वर. दमला होता. मी त्याला सरळ धरलं, परत कलंडला. आजोबा विचारतायत, गेला का, गेला का, आन् मी त्याला परत परत सरळ करतीय. मासा मेलेला बघून मला कधी काही वाटलं नव्हतं, आमचं पोटच त्यावर. पण हा समुद्रातनं इतका वर आला आन् माझ्या हातात मरणार, ह्या विचारानं माझ्या डोळ्यांतनं पाणी यायला लागलं.

तेवढ्यात शेजारी पाण्यात धप्पकन आवाज झाला. आमचे हे. ऑफिसचे बूट घालून. म्हणाले, सोड तू, कल्ल्याला हात लागतोय तुझा. त्यांनी एक हात त्याच्या पोटाखाली घातला, एक शेपटीला, आन् त्याचं तोंड येणाऱ्या पाण्याकडं केलं. दाबलं नाही, ओढलं नाही, नुसतं धरलं. सासरे सरकारी तळ्यात मोठे मासे सोडायला न्यायचे तेव्हा ते जिवंत ठेवायचं काम ह्यांचं असायचं, हे मला माहीतच नव्हतं. मी विचारलं, जगेल का. म्हणाले, बोलू नको. कंबरेत वाकून ते उभे होते, पाणी बर्फासारखं, ओठ निळे पडले त्यांचे. पंधरा-वीस मिनिटं झाली असतील. मला त्याचा कल्ला दिसत होता, आधी नुसताच हलायचा, मंग उघडायला लागला, मिटायला लागला. हे पुटपुटत होते, चल, चल बाबा, चल. मी त्यांना तसं बोलताना ईरा तापात असताना तेवढं ऐकलंय.

आन् शेपटीचा एक फटका. ह्यांच्या तोंडावर पाणी उडालं आन् हातात काही नव्हतं. कुठल्या बाजूला गेला ते पण दिसलं नाही. मी आजोबांना म्हणाले, गेला. वर गेला का, त्यांनी विचारलं. हे म्हणाले, वरच गेला.

गाडीत हीटर लावून बसलो तिघं, ओल्या बुटांनी. बऱ्याच वेळानं आमचे हे म्हणाले, इंग्रजीत, आजोबांना, की माझे वडीलही मासेच धरतात. आजोबा म्हणाले, मला माहितीय, तू पाण्यात उतरून मासा हातात घेतलास तेव्हा सुरेखाचा श्वास सरळ झाला, तो मी ऐकला, तेव्हाच कळलं की हे हात मासेवाल्याचेच. मी बाहेर बघत बसले.

दुसऱ्या दिवशी मी आबांना फोन केला. सगळं सांगितलं. सोडला हे ऐकून त्यांनी परत विचारलं, सोडला? मंग म्हणाले, गाभोळी असंल पोटात. मी म्हणाले, असतील अंडी. म्हणाले, मंग बरं केलं. आन् मंग विचारलं, पण बंधारा हाय म्हणतीस तर तो वर कसा जाणार. मी म्हणाले, पायऱ्या केल्यात त्यांना, पाण्याच्या. आबांचा विश्वास बसेना. माशांना पायऱ्या, म्हणाले, सरकारनं केल्या. दोनदा विचारलं. मंग म्हणाले, आपल्या भीमेला पण खालनं वर चढणारे मासे होते गं, माझ्या बापानं बघितलेले, धरण झाल्यावर ते भिंतीपाशी येऊन थांबायचे म्हणं. आन् त्यांनी आईला फोन दिला.

आता तुम्ही विचारता म्हणून सांगते, त्याला पाच वर्षं होतील. आमचे हे एकदम बदलले असं नाही. पण मंडळात कुणी विचारलं तर आता मधे बोलत नाहीत, मी सांगते ते ऐकून घेतात. आन् गेल्या गणपतीत एका नव्या आलेल्या मुलाला स्वतःच म्हणाले, आमी उजनीकडचे, भोई. मी आत पुऱ्या तळत होते, ऐकलं. शुक्रवारी मी बाजारात एका माशाच्या दुकानावर काम करते, दुकानाच्या मालकीणबाईंनी माझा सुरीवरचा हात बघून पुढच्याच शुक्रवारपासनं ठेवलं. ईराला मराठी कळतं सगळं पण उत्तर डचमध्ये देते, आबांशी फोनवर तेवढी दोन वाक्यं बोलते.

आजोबा आता वृद्धांच्या घरात असतात. उजेड आन् अंधार एवढंच कळतं त्यांना. ऑक्टोबरात आमी त्यांना मासवर नेतो, खुर्चीत बसवतो, पांघरूण घालतो. तो मासा परत लागला नाही, आन् मी खरं सांगू, लागू नये असंच मला वाटतं. मी गळ टाकतच नाही आताशा. नुसतं पाणी बघते आन् त्यांना सांगते, आज करडं आहे, आज बोट गेली, आज चढ आहे पाण्याला. ते विचारतात, चालले असतील का. मी म्हणते, चालले असतील. दिसत नाहीत, पण ह्या दिवसांत ते चाललेले असतात खालनं, समुद्र मागं टाकून, एकेक पायरी. ते सगळे सुखरूप पोचू देत. आन् आजोबांना आणखी चार ऑक्टोबर मिळू देत, एवढंच माझं मागणं.